सातवं झाड

रबर प्लांटच्या काळ्या पिशवीला सुतळी गुंडाळता गुंडाळता नर्सरीवाले खुशालराव मान वर न करता म्हणाले, "सर, हे सातवं होय. पयली सहा जित्ती हायेत, का मारून राह्यले तुमी?" आणि आपल्याच बोलण्यावर हसले. बडनेरा रोडला त्यांची नर्सरी, वर हिरवी जाळी, खाली ओल्या मातीचा वास, आणि मे महिन्यातले सकाळचे दहा. मीही हसलो. "भेट देतो हो लोकांना," म्हणालो. "भेट द्याले हेच काहून? अन् तेही दोन हात उंच, अकरा पानांचं, मोजून? पोरगी पाह्याले आलेले लोकं येवढी पारख नाई करत." मी पिशवी उचलून रस्त्यावर आलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर ते भर उन्हात पडलं होतं. दोन वर्षांत माझ्या या उद्योगाबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं, घरात बायकोला, पौर्णिमालाही, पत्ता नव्हता, आणि एक माळी मजेत बोलून गेला तर माझे कान गरम झाले. मारून राहिलो का मी? मी तर जगवत होतो. माझी आई अकोल्याला एकटी राहते. तिनं तिथंच राहावं, माझ्या घरी अमरावतीला येऊ नये, असं मला वाटतं. आणि त्यासाठी तिच्या पुढच्या खोलीत हे झाड जिवंत दिसणं भाग आहे. इतकी साधी गोष्ट. पण ती खुशालरावांना काय, कुणालाच सांगण्यासारखी नव्हती.

राजापेठला अकोल्याची बस मिळाली. एरवी मी शनिवारची अर्धी ड्युटी करून दुपारी निघतो, पण आज नांदगाव पेठला आमच्या कापड कारखान्यातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. खिडकीची जागा धरून मी झाड दोन गुडघ्यांच्या मध्ये उभं केलं. बसच्या पत्र्यातून ऊन आत येत होतं. मी रुमाल ओला करून वरच्या पानांवर टाकला आणि मग जाड, काळपट हिरव्या पानांकडे एकेक करून पाहत बसलो. तपासणं हा माझा धंदाच आहे. वीस वर्षं मी ट्यूबलाइटच्या टेबलावरून सरकणारं कापड पाहतो. तुटलेला धागा, भोक, तेलाचा डाग दिसला की लाल चिकटपट्टी लावतो. माझ्या नजरेतून दोष सुटत नाही असं कारखान्यात म्हणतात. त्यांना काय माहीत, की वर्षातून तीन वेळा मी घरच्या बाथरूममध्ये दार लावून एका निर्दोष पानात ब्लेडनं चीर पाडतो. आईच्या मूळ झाडाच्या तिसऱ्या पानाला दाराची कडी लागून बोटभर चीर पडली होती. म्हणून प्रत्येक नव्या झाडाच्या तिसऱ्या पानाला ती हवी. पान कापलं की पांढरं दूध गळतं, थांबता थांबत नाही, आणि मी कागद धरून उभा राहतो. आजही ती चीर पाडायची होती आणि घाईत ब्लेड घ्यायचं राहिलं, हे मला बडनेऱ्याचा पूल ओलांडल्यावर आठवलं.

मूळ झाड कारखान्यानं वाटलेलं. पर्यावरण दिनाला एकेकाच्या हातात एकेक कुंडी दिली आणि फोटो काढले. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मी ते अकोल्याला आईकडे नेऊन टाकलं. अडगळ टाकावी तसंच टाकलं, खोटं कशाला बोलू. आई कुंडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "याले फूल येते?" नाही. "फळ?" नाही. "भाजी करता येते?" मी म्हणालो, नुसती पानं असतात, शोभेचं असतं, घरातच ठेवायचं, थेट उन्हात नाही. "मंग तं पावनाच होय," म्हणाली. पण खिडकीजवळ, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली, स्टुलावर ठेवलं. रोज सकाळी पदराचं टोक ओलं करून एकेक पान पुसायला लागली. खालून हात लावून वरून पुसायची, लहान पोराचं तोंड पुसावं तशी. माझे वडील, मोतीराम पोस्टमन, वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. घरात जिवंत असं दुसरं कुणी नव्हतं. मी शनिवारी गेलो की ती सांगायची, नवं पान येऊन राहिलं, लाल टोपी घालून येते. मला त्यात काही वाटायचं नाही. मी हो हो करायचो आणि परतीच्या बसची वेळ पाहायचो.

मग ती मोरीत घसरून पडली आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून मी तिला अमरावतीला आणलं. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत काही घडलं नाही, हेच तर सांगता येत नाही. भांडण नाही, शब्दानं शब्द वाढला नाही. पौर्णिमा शाळेत शिकवायला जाण्याआधी आईची वेणी घालून द्यायची. मुलगी प्रियदर्शनी बारावीला होती, तिनं आपली खोली आजीला दिली आणि स्वयंपाकघरात पाट टाकून अभ्यास केला. कुणी कुरकुरलं नाही. कुरकुरलो तो मी, आणि तेही मनातल्या मनात. पहाटे पाचला तिचा घसा खाकरण्याचा आवाज यायचा आणि मी अंथरुणात दात आवळून पडायचो. ती पेल्यातलं उरलेलं पाणी परत माठात ओतायची. फ्रिजचं दार उघडं ठेवून गार हवेत उभी राहायची. शेजारचे लोक आले तर दार उघडून मोठ्यानं म्हणायची, "या नं बाप्पा, कोन पाह्यजे तुमाले?" एकदा माझे मॅनेजर सपत्नीक आले होते, पुण्याचे. आई त्यांना सांगायला लागली, "याले लहानपनी लय भेव वाटे पान्याचं." मी हसत हसत म्हणालो, "आई, 'याला खूप भीती वाटायची' असं म्हणतात." ती थांबली. "हाव, तसं," म्हणाली आणि पुढची गोष्ट तिनं सांगितलीच नाही. त्या दिवसानंतर पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. मला ते दिसत होतं. लाल चिकटपट्टी लावावी इतकं स्पष्ट दिसत होतं. आणि मला बरंच वाटत होतं.

प्लॅस्टर निघालं त्या संध्याकाळी पौर्णिमा म्हणाली, "आई, आता जाऊच नका. एकट्या कशाला राहता?" मनापासून म्हणाली, तिचा स्वभावच तसा आहे. आईनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी जे बोललो ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हणालो, "पण तुझ्या झाडाला कोण पाहील?" तीन आठवडे त्या झाडाची कुणी आठवणसुद्धा काढली नव्हती. आई मोठ्यानं हसली. "खरंच की. मी तं भुललीच. जातो मी." दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना पिशवी माझ्या हातून घेत म्हणाली, "हे झाड हाये तवरोक मी अकोल्यात. ते गेलं का मंग मले बांधून ठेवनारं कोनी नाई. मंग येतो तुमच्या घरी, कायमची." पौर्णिमा म्हणाली, "मग मी तर म्हणेन मरू दे ते झाड." सगळे हसले. मीही हसलो, पण शब्द माझ्या डोक्यात बसला. आमच्या घरात आई जे बोलते ते करते. वडील गेल्यावर म्हणाली होती, चहात साखर टाकणार नाही, ती आजवर टाकली नाही.

चार महिन्यांनी पहिलं झाड गेलं. मी शनिवारी पोचलो तेव्हा ती विहारात वंदनेला गेली होती. साडेचार ते सहा ती तिथं असते, माझ्याकडे किल्ली आहे. चार पानं स्टुलाखाली पडलेली, उरलेली पिवळी, आणि खोड मातीपाशी दाबून पाहिलं तर मऊ लागलं, कुजक्या गाजरासारखं. वास येत होता. मी तिथं उभा राहिलो आणि मला आठवलं ते झाड नव्हे, तिचं "मंग येतो तुमच्या घरी, कायमची." त्याच आठवड्यात मी खुशालरावांकडे गेलो, मोबाइलमधला फोटो समोर धरून तसंच झाड निवडलं, आणि पुढच्या शनिवारी ती विहारात असताना अदलाबदल केली. वरची माती तीच पसरली. मेलेलं झाड पोत्यात घालून बसस्टँडच्या मागं टाकलं. ती आली, चप्पल काढली, झाडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पालवलं वाट्टे." एवढंच. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. मी त्या राहिलेल्या डोळ्यावर भरवसा ठेवून होतो. झाडं का मरतात ते मला कळत होतं, किंवा कळतं असं वाटत होतं. अकोल्यात नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येतो. नळ आला की भरून ठेवलेलं जुनं पाणी शिळं होतं. ते पिववत नाही आणि गटारात ओतायला जीव धजत नाही. मग तुळस असो, कढीपत्ता असो, घरातली कुंडी असो, त्या दिवशी सगळ्यांना न्हाऊ घालतात. रबर प्लांटला तेच चालत नाही. मुळं कुजतात. मी तिला दहा वेळा सांगितलं, आठ दिवसांतून एक ग्लास, मातीत बोट घालून पाहा, कोरडी लागली तरच. ती म्हणायची, "बरं." आणि चार महिन्यांनी पुन्हा खोड मऊ. म्हातारं माणूस आहे, सवय जात नाही, असं मी मनाशी म्हणायचो आणि फोटो घेऊन नर्सरी गाठायचो. गेल्या शनिवारीही खोड मऊच लागलं होतं.

मूर्तिजापूरला बस थांबली. बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "घरात ठेवाचं झाड होय का हे?" मी हो म्हणालो. "आमच्या इथं नाई टिकत," ती म्हणाली, आणि मला उगाच तिचा राग आला. मला अमरावतीचं वसतिगृह आठवत होतं. मी अकरावीला, आई पंधरा दिवसांनी अकोल्याहून यायची, दोन्ही हातांत पिशव्या, भाकरी, ठेचा, धुतलेले कपडे. मी तिला सांगितलं होतं, आत येऊ नको, फाटकापाशी थांबत जा. ती थांबायची. निंबाखाली, दोन्ही पिशव्या पायांशी ठेवून, मी येईपर्यंत. एकदा मी वरच्या खिडकीतून तिला पाहिलं आणि मित्राशी चाललेला डाव संपवूनच खाली गेलो. तेव्हाच कधीतरी मी तिला माय म्हणायचं सोडलं आणि आई म्हणायला लागलो. तिनं विचारलं नाही काहून म्हणून. माझं सगळं आयुष्य तिनं असं न विचारता चालवून घेतलं, आणि मला ती घरात नको होती. का नको, तर ती घसा खाकरते म्हणून. माणसाला आपली लाज वाटली पाहिजे. वाटत होती, पण लाज वाटते म्हणून कुणी बसमधून खाली उतरत नाही. मी रुमाल पुन्हा ओला केला.

अकोल्याला दीड वाजला. गल्लीत रिकामे ड्रम रांगेनं ठेवलेले, ऊन असं की सावली भिंतीला चिकटून बसलेली. शेजारच्या इंदूबाई दारात बसल्या होत्या. "जयभीम अश्विन. आज लवकर? सहा दिस झाले, नळाचा पत्ता नाई बाप्पा. काल आमी टँकरच्या मांगं पयालो. तुया आईपाशी हंडाभर असन तं पाय नं." मी म्हणालो, विचारतो. माझा बेत साधा होता. आई दुपारी झोपते, झाड मागच्या मोरीत ड्रमाआड ठेवायचं, ती विहारात गेली की काम उरकायचं, ब्लेड कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी खांद्यानं ढकललं.

आई झाडासमोर उभी होती. दोन्ही हातांत बादली धरून ती कुंडीत पाणी ओतत होती. घाईनं नाही, सावकाश. कुंडी कधीचीच भरली होती. पाणी काठावरून स्टुलावर, स्टुलावरून फरशीवर, आणि फरशीवरून वाहत माझ्या चपलेपर्यंत आलं. शिळं पाणी नव्हतं ते. नळच आला नव्हता तर शिळं कुठून होणार? तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी बुडवून त्याच पाण्यानं मोरी धुणारी बाई, मी पाय धुताना दुसरा तांब्या घेतला तर "समुद्र लागला का तुले?" म्हणणारी बाई, सहाव्या दिवशी, मे महिन्यात, प्यायचं पाणी बादलीभर ओतत होती. यापुढं मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. अकोल्याच्या कुठल्याही पोराला ते समजलं असतं.

तिनं मला पाहिलं. दचकली नाही. उरलेलं पाणी ओतलं आणि बादली खाली ठेवली. "लवकर आला आज."

"कारखाना बंद आहे."

माझ्या कडेवरच्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "आनलं? ठेव खाली. हात भरून आला असन."

मी ठेवलं. म्हणालो, "आई, नळ नाही आला म्हणतात."

"नाई आला."

"मग हे पाणी?"

ती खुर्चीवर बसली, पदरानं हात पुसले. "मले वाटे," ती म्हणाली, "एखाद्या शनवारी तू रिकाम्या हातानं येशीन. पायशीन, झाड मेलं. म्हनशीन, चाल माय. तू दर खेपेले नवं आनलं. पयल्या डावाले मले वाटलं, पोराले वाटत असन मायचं मन मोडीन. तिसऱ्या डावाले समजलं. तरी म्हटलं, अजून एक पाहू." आणि मग, जवळजवळ थट्टेनं, "पान कायले चिरतं रे ब्लेडनं? येका डोयानं दिसते मले."

"तोंडानं का नाही म्हणालीस?" माझा आवाज चढला. रागावण्याचा मला काय अधिकार होता, पण मी रागावलो होतो. "एकदा म्हणायचं. येते म्हणायचं."

"तोंडानं म्हटलं असतं तं तू हाव म्हटलं असतं." ती खाली फरशीकडे पाहत होती. "तसं हाव मले नोको होतं."

बाहेर कुणीतरी ड्रम सरकवला, पत्रा घासल्याचा आवाज आला. आता एका शब्दाचं काम होतं, चल. चल माय. शब्द माझ्या तोंडापर्यंत आला हे मी शपथेवर सांगतो. जिभेवर त्याचं वजन लागलं. त्याच वेळी मला प्रियदर्शनीची खोली दिसली, तिथला पलंग, पहाटेचे पाच, भिंतीपलीकडचा तो घसा, आणि रोजचं, मरेपर्यंत रोजचं, तिचं माझ्याकडे पाहणं. आई वाट पाहत होती. तिनं वाट पाहणं लपवलंही नाही. मी म्हणालो, "उलथनं कुठं आहे?"

तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एकदा खुर्चीचा आधार घेऊन. आतून उलथनं आणलं आणि माझ्या हातात न देता स्वतःच खाली बसली. कुजलेलं झाड तिनं बुंध्याशी धरून उपटलं, ते सहज आलं. चिखल बादलीत काढला. मी पिशवी फाडून नवं झाड कुंडीत धरलं, तिनं चारी बाजूंनी कोरडी माती दाबली. आमची बोटं मातीत एकमेकांना लागत होती. "सीधं धर," ती म्हणाली. मी सरळ धरलं. "पानी किती घालाचं म्हने?"

"आठ दिवसांतून एक ग्लास. आधी बोट घालून पाहायचं."

"बरं." तिनं उलथनं कुंडीच्या काठावर झटकलं. "आता नाई मरू देत मी याले. तू फिकर नोको करू. बस पकडशीन नं, का जेवून जातं?"

मी जेवलो. तिनं पोळी आणि वांग्याची भाजी वाढली, समोर बसून वारा घातला. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला हायसं वाटत होतं. इतकं, की हात धुताना मी चक्क काहीतरी गुणगुणत होतो, आणि ते ध्यानात आल्यावर थांबलो.

आठ महिने झाले त्याला. आई रोज पदराचं टोक ओलं करून पानं पुसते, मातीत बोट घालून पाहते, मगच ग्लासभर पाणी देते. झाड खिडकीच्या वर गेलंय. पौर्णिमानं फोटो पाहिला तर म्हणाली, आईंचा हात चांगला आहे झाडाला. मी हो म्हणालो. फोनवर विचारलं तर आई सांगते, चांगलं हाये, नवं पान येऊन राह्यलं. मी दर शनिवारी अकोल्याला जातो. आता रिकाम्या हातानं जातो.